पंचविसावा दिवस

जयपूरच्या दुर्गापुऱ्यातून मी बोलते आहे. 

आजचा विषय लढायांचा नाही, तहांचाही नाही. आज बोलायचं आहे जखम भरून येण्याच्या इतिहासाबद्दल. आणि जखमही माणसानं स्वतः पैसे मोजून करून घेतलेली. पोटाची सैल पडलेली कातडी काढणं, कमरेची-मांडीची चरबी शोषून घेणं, फार वजन उतरल्यावर लोंबणारे दंड सारखे करणं, या सगळ्याला डॉक्टर 'बॉडी कॉन्टूरिंग' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एक जुना शब्द आहे, घाट. भांड्याला घाट असतो, मूर्तीला असतो, तसा देहालाही असतो.

असा घाट देणाऱ्या शस्त्रक्रियेला दोन-चार तास लागतात. त्यानंतरचे आठवडे आणि महिने मात्र कुणी मोजत नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही सर्जनचं नाव असतं, साल असतं, हत्याराचं चित्र असतं. रुग्ण कितव्या दिवशी उठला, पट्टी कधी सोडली, उशाशी कोण बसलं होतं, याची नोंद क्वचितच सापडते. म्हणून जिथे ती सापडते, ते कागद मला मोलाचे वाटतात. त्यातला एक कागद आपल्या पुण्याचा आहे.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' नावाच्या मासिकात एक पत्र छापून आलं. सोबत एका माणसाचं चित्र होतं. त्याचं नाव कावसजी. नाव वाचून तो पारशी असावा असं वाटेल, पण पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे. इंग्रज फौजेबरोबर तो बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता. इंग्रजी मजकुरात त्याला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हटलं आहे. मराठीत त्याला कुंभार म्हणायची पद्धत पडली. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

शस्त्रक्रिया कशी झाली ते अनेकांना ठाऊक असतं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवून खाली वळवली, मात्र दोन डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा पट्टा तसाच जोडलेला ठेवला, म्हणजे तिथून रक्त येत राहील. जगभरचे प्लास्टिक सर्जन आजही ही युक्ती वापरतात.

पण त्या पत्रात पुढे जे लिहिलं आहे, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टाके घातले नाहीत. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. हा कात म्हणजे आपला विड्यातलाच. चार दिवस त्याला हात लावला नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणंच निजवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे घातले. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडलेला पट्टा कापून टाकला.

चौथा दिवस, दहावा दिवस, पंचविसावा दिवस. हे वेळापत्रक मला त्या कुंभाराच्या हातातल्या कौशल्याइतकंच मोठं वाटतं. कातडीला नव्या जागी स्वतःचा रक्तपुरवठा तयार करायला साधारण तीन आठवडे लागतात, हे आज आपल्याला शिकवलं जातं. त्यानं ते कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणलं होतं. पट्टा दहाव्या दिवशी कापला असता तर नाक काळं पडून गळून जाण्याचा धोका होता. चित्र काढलं गेलं जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. चित्रकार होता जेम्स वेल्स, पेशवे दरबाराची चित्रं काढणारा. म्हणजे ते फक्त नाकाचं चित्र नाही, दहा महिने भरून आलेल्या नाकाचं आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूनं हीच पद्धत वापरून १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपभर गेली.

या वेळापत्रकाची मुळं शोधायला गेलं की सुश्रुतसंहिता हाती लागते. सुश्रुताचं नाव घेताना आपण हत्यारांची यादी सांगतो आणि थांबतो. पण त्याच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय शस्त्रक्रियेनंतरच्या माणसावर आहे. त्याचं नाव व्रणितोपासनीय, म्हणजे जखम झालेल्याची काळजी कशी घ्यावी. खोली स्वच्छ हवी, ऊन-वारा थेट लागू नये. पलंग ऐसपैस हवा. दिवसा झोपू नये, कारण त्यानं सूज आणि खाज वाढते. उठता-बसताना, कूस बदलताना जखम जपावी. आणि मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वेदना हलकी होते. गोष्टी सांगणं हा तिथे उपचाराचा भाग आहे.

दुसरीकडे तो पट्टी कधी सोडावी ते सांगतो. थंडीत आणि वसंतात तिसऱ्या दिवशी, उन्हाळ्या-पावसाळ्यात आणि शरदात दुसऱ्या दिवशी. आत दोष शिल्लक असताना घाई करून वरून जखम भरू देऊ नये, अशी तंबी आहे. आणि जखम भरून आल्यावरसुद्धा ती जागा पक्की होईपर्यंत व्यायाम, अपचन, संताप, भीती, इतकंच काय, अतिहर्षसुद्धा टाळावा, असं तो बजावतो. भरलेली जखम आणि पक्की झालेली जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला माहीत होतं. आजची मोजमापंही तेच सांगतात. टाक्यांनंतर तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाव असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि बहुधा तिथेच थांबते. वरून मात्र व्रण तिसऱ्या आठवड्यातच छान दिसायला लागतो. तिथेच माणूस फसतो, बादली उचलतो.

आता थोडं परदेशात जाऊ, कारण पोटाचा घाट बदलण्याची आजची शस्त्रक्रिया तिकडून आली. १८९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञानं एका अतिस्थूल बाईच्या पोटावरचा सात किलोंहून जास्त वजनाचा चरबीचा पडदा काढला. हौस म्हणून नव्हे. त्या ओझ्यानं तिला जगणं कठीण झालं होतं. त्या काळी पोट उघडलेल्या रुग्णाला दोन-तीन आठवडे पलंगावरून उठू देत नसत. विश्रांतीनं टाके टिकतात, अशी समजूत होती. प्रत्यक्षात पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी व्हायची, ती फुप्फुसात जायची आणि टाके उत्तम असतानाही माणूस दगावायचा.

त्याच १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस यांनी लिहिलं की पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवा. लोकांनी मनावर घेतलं नाही. दुसरं महायुद्ध आलं, खाटा आणि परिचारिका कमी पडू लागल्या, रुग्णांना लवकर उठवणं भाग पडलं. तेव्हा कळलं की उठवलेले रुग्ण जास्त लवकर बरे होतात. सुश्रुताच्या सांगण्यात इथे दुरुस्ती करावी लागते. जखम जपायची, पण पडून राहायचं नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला कमरेत वाकवून चार पावलं चालवतात. वाकवून, कारण सरळ उभं राहिलं तर टाक्यांवर ताण येतो.

चरबी काढण्याचा इतिहास तर घाईचाच आहे. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल द्युजारिए नावाच्या सर्जननं एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. रक्तवाहिनी दुखावली आणि तिचा पाय कापावा लागला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं या वाटेला जायला लोक धजावत नव्हते. १९७० च्या दशकात रोमच्या फिशर पितापुत्रांनी आणि मग १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी छोट्या छेदातून बोथट नळीनं चरबी शोषण्याची रीत बसवली. बोथट नळी नसा-रक्तवाहिन्यांना बाजूला सारते, कापत नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी आधी भूल आणि रक्त थांबवणारं औषध मिसळलेलं भरपूर पाणी टोचून मगच चरबी शोषण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रक्तस्राव एकदम कमी झाला.

पण शोषून घेतल्यावर आत पोकळी उरते. तिथे पाणी साचतं, सूज येते. म्हणून घट्ट पट्टा बांधायचा. या पट्ट्यालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कॉनरॅड जॉब्स्ट नावाचा एक इंजिनिअर पायांच्या शिरांच्या दुखण्यानं हैराण होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्याला आराम पडे. त्यानं हिशोब केला की खाली पाण्याचा दाब जास्त, वर कमी. तसाच दाब देणारे मोजे त्यानं बनवले. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शायव्हर्स यांनी ताणून पुन्हा जागेवर येणारा लायक्राचा धागा शोधला. आजचे दाब देणारे पट्टे अशाच लवचिक धाग्यांचे असतात.

आणि हे वाचताना मला आपली बाळंतिणीची खोली आठवली. चरकसंहितेत प्रसूतीनंतर पोट मोठ्या स्वच्छ वस्त्रानं बांधायला सांगितलं आहे. आपल्या आज्यांनी त्यासाठी मऊ झालेलं जुनं लुगडं वापरलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना घराबाहेर नाही. त्यातलं सगळंच शास्त्राला धरून होतं असं नाही. पण एक गोष्ट त्यात पक्की होती. बाईचं शरीर भरून यायला दिवस लागतात आणि ते दिवस तिला घरानं द्यायचे असतात, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यासाठी तिला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

घाट बदलून घेणाऱ्या बाईला हे दिवस मिळत नाहीत. कारण ती कुणाला सांगतच नाही.

माझी मावसबहीण इंदूरला असते. दोन बाळंतपणांनंतर तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते, कातडी लोंबत होती, पाठ सतत दुखायची. तिनं पोटाची शस्त्रक्रिया जयपूरला करून घ्यायची ठरवली, ती माझ्याकडे राहता येईल म्हणून आणि इंदूरला कुणाला कळू नये म्हणूनही. घरी सांगितलं, जयपूर बघायला जाते. शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी ती दोन्ही बाजूंना नळ्या लावून दुर्गापुऱ्यात माझ्या घरी आली. नळीतलं पाणी किती मिलिलिटर झालं ते आम्ही रोज वहीत लिहायचो. ती वाकून हॉलमध्ये फेऱ्या मारायची, मी तिला कावसजीची गोष्ट सांगायची. "माझा चौथा दिवस आज, म्हणजे कात निघाला," असं ती म्हणायची.

आठव्या रात्री तिची उजवी पोटरी दुखायला लागली. "चालून भरून आली असेल, झोपते," म्हणाली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं, पायाची सोनोग्राफी केली. सुदैवानं गुठळी नव्हती. पण परत येताना रिक्षात ती गप्प होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मी हॉटेलात एकटी राहिले असते तर?" तिचा मूळ बेत तोच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. मावशी ओरडेल, रडेल, नावं ठेवेल, अशी आम्हा दोघींची तयारी होती. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मावशीनं विचारलं, "पोट नीट बांधलंय का गं?"

मावशी तिसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाली. पट्टा बघून म्हणाली, "आमच्या वेळी लुगडं होतं, एवढाच फरक."

आयुर्वेदात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रुग्ण आणि परिचारक. म्हणजे शेजारी बसणारा माणूस हा चौथा पाय. शस्त्रक्रिया लपवली की हा पाय आपणच काढून घेतो आणि मग तिवई डगमगते. लोक लपवतात कारण त्यांना 'हौस' हा शिक्का नको असतो. पण हौस आणि गरज यांच्यातली रेघ इतिहासात कधीच सरळ नव्हती. कावसजी नाकाशिवाय जगत होताच. तरी त्याला नाक हवं होतं, चारचौघांत वावरायला. आपल्याकडे ही विद्या आधुनिक रूपात परत आली ती कुष्ठरोग्यांच्या आकसलेल्या बोटांसाठी, भाजलेल्यांसाठी, अपघातात चेहरा गेलेल्यांसाठी. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ पासून डॉ. सी. बालकृष्णन यांनी ती उभी केली. पोटाची कातडी नीट करणारा आजचा सर्जन याच पाठशाळेतून आलेला असतो.

आमच्या दुर्गापुऱ्याहून टोंक रोडनं शहराकडे गेलं की सवाई मानसिंह रुग्णालय लागतं. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' घडवला. पुण्यातला तो कुंभार आणि जयपूरचे मास्टर रामचंद्र, दोघेही हातानं आकार देणारे. परदेशी पाय दिसायला चांगला होता, पण त्यावर उकिडवं बसता येत नसे, शेताच्या चिखलात चालता येत नसे. जयपूरच्या पायावर ते जमलं. देहाचा आकार कसा झाला याची खरी परीक्षा रुग्णालयाच्या आरशात होत नाही. माणूस त्यानंतर घरी, शेतात, बाजारात कसा वावरतो तिथे होते.

म्हणून तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातलं कुणी, अशी शस्त्रक्रिया करून घेणार असेल, तर तारीख ठरवताना पुढच्या सहा आठवड्यांचा हिशोब आधी करा. स्वयंपाक कोण करेल, मूल कोण उचलेल, रात्री पाणी कोण देईल. तंबाखू, सिगारेट डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे आधीपासून बंद, कारण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीची कड काळी पडते. एका पोटरीत दुखणं किंवा सूज, अचानक धाप, छातीत कळ, ताप, जखमेतून घाण वास, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष. तिसऱ्या आठवड्यात आरशात जे दिसतं त्यावर रडूही नका आणि हुरळूनही जाऊ नका. ते अजून तयार झालेलं नाही.

आमच्या इथे शेती संशोधन केंद्र आहे. खरबुजाचं 'दुर्गापुरा मधू' हे वाण तिथलंच. मावशीनं जाताना एक खरबूज बाजारातून आणलं, वास घेतला आणि फळीवर ठेवून दिलं. आज कापू का, असं बहिणीनं विचारलं. मावशी म्हणाली, "परवा." तो तिचा पंचविसावा दिवस होता.